कुंडलिकेपलीकडचा दवाखाना

बदनापूरच्या चार बायकांनी मला विचारले, बाळंतपणाला जालन्यास न्यायचे तर कसे? प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहिते आहे.

माझी भाची कमल जुन्या जालन्यात दिली आहे. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोके सारखे दुखू लागले, असा निरोप आला. आधीचे मूल जन्मताच गेले होते. मी मिळेल ती गाडी पकडली. बदनापूरहून आगगाडी सोयीची. स्टेशनावर टांगा ठरवताना भाडे निजामाच्या हाली नाण्यात की इंग्रजी कलदारात, हे आधीच बोलून घ्यावे. नंतर कटकट होते.

जुन्या जालन्याच्या गल्ल्या अरुंद. धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, मारवाडी आडते, कोष्ट्यांची घरे. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मात्र कुंडलिकेपलीकडे, नव्या जालन्यात. दोन्ही तीरांचे एकमेकांविषयी मत फारसे बरे नाही. पलीकडचे लोक पाहुण्याला नुसते पाणी पाजून वाटेला लावतात, असे कमलच्या सासूबाई, गोदाबाई, तिला घेऊन दवाखान्याला निघालो तेव्हा मला टांग्यात सांगत होत्या.

पुलाशी येताच त्यांनी टांगा थांबवला. म्हणाल्या, पोटुशी बाई नदी ओलांडत नाही.

"मागल्या खेपेला वलांडली, विहीणबाई. काय झालं ते बघितलंच ना तुम्ही."

मी कॉलेजात शिकलेले सगळे ऐकवले. त्या हलल्या नाहीत. कमलच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिने माझे मनगट घट्ट धरले होते. मागे सरकीच्या गाड्या अडल्या. एका गाडीवानाने विचारले, म्हातारीने पूल भाड्याने घेतला काय?

"अम्मा, जल्दी ठरवा," टांगेवाला म्हणाला. "पोरीचा चेहरा बघा."

गोदाबाई उतरल्या. मला वाटले, आता परत फिरायचे. त्या काठाशी वाकल्या, पदरात माती घेतली आणि कमलच्या पावलांखाली पसरली.

"पाय आपल्याच मातीवर हायेत. आता हाक बाबा."

दवाखान्यात मातीने भरलेले पाय पाहून डॉक्टरीणबाईंच्या भुवया चढल्या. मी म्हटले, आधी रक्तदाब बघा. त्यांनी बघितला आणि कमलला तिथेच ठेवून घेतले. आणखी उशीर झाला असता तर, एवढे म्हणून त्या थांबल्या.

घरी परतले तरी ते अर्धे वाक्य मनातून जात नाही. म्हणून सांगते, वाद काय घालायचा तो घरी घाला, पुलावर नको.

दवाखान्यातून निघताना गोदाबाईंच्या स्वाधीन केले: कमल, स्वतःच्या पायांनी चालणारी. औषधाची एक बाटली. नात, वजनाने हलकी, आवाजाने नाही.