कडकमावशींची मिशनची खोली

आमच्या समोर राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली कडकमावशी म्हणते. धंदा इस्त्रीचा, आणि स्वभावही त्याच घडीचा. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या इस्त्रीची वाफ माझ्या खिडकीत येते आणि माझं बोलणं त्यांच्या टेबलावर जाऊन पडतं. त्यामुळे पुढे सांगतोय ते ऐकीव नाही, चांगलं डोळे ताणून पाहिलेलं आहे.

मावशींचा कुणावर म्हणून विश्वास नाही. शर्ट हातात आला की आधी गिऱ्हाइकाच्या देखत खिसे उलटे करायचे, म्हणजे उद्या त्यानं 'आत नोट होती' म्हणायला नको. मीटर बघायला येणाऱ्याचं ओळखपत्र चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचायचं. दूधवाला अजून यांच्या दारात उभा राहताना घसा साफ करतो. मला तर त्या कळलाव्या म्हणूनच हाक मारतात, आणि मी उंबऱ्यात दिसलो की आतलं दार ओढून घेतात.

आणि हीच बाई घरातली एक खोली कुणाही अनोळखी माणसाच्या ताब्यात देते. आहे की नाही संशय घेण्याजोगी गोष्ट?

खोली घराच्या कडेला, गल्लीत दार असलेली. आत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि एक दिवा. पाचवी वस्तू नाही. मी एकदा तिथे स्टूल ठेवायला सुचवलं तर मावशी म्हणाल्या, शास्त्रात स्टूल नाही. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुण्या बाईनं फिरत्या संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधून एवढंच सामान ठेवलं होतं म्हणे. म्हणून मिशनच्या कामासाठी फिरणारा जो कोणी येईल त्याची ही खोली. चर्चच्या मंडळीतले बाकीचे लोक मिशनसाठी पाकिटातून मदत देतात. मावशी म्हणतात, माझ्याकडे पाकीट नाही, खोली आहे. खाटेवरची चादर त्या खळ घालून अशी कडक करतात की पाहुणा झोपतो की घडी मोडतो, कळत नाही.

पण मागच्या वर्षी एक पाहुणा आला, छान गोड बोलला आणि जाताना दिवा घेऊन गेला. गल्ली महिनाभर हसली. मावशींचा मुलगा विजेच्या मोटारींचं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करतो, दुकानाचं भाडं त्याला झेपत नव्हतंच. त्यानं त्या दिवशी आईला ठणकावून सांगितलं, "आई, आता आणखी एक जरी भोंदू निघाला, तर ही खोली माझी. यंत्रं आत आणून टाकणार." मावशींनी नवा दिवा आणला आणि हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की त्या फिरत नाहीत, हे मुलालाही ठाऊक.

अशात हा पाहुणा उगवला. सडपातळ, पन्नाशीचा, हातात चामड्याची जुनी पिशवी. मावशींनी विचारलं, कुठून आलात. तो म्हणाला, मिशनकडून. एवढंच. कुठलं मिशन, कुणी पाठवलं, काही नाही. मावशींनी दार उघडून दिलं.

मला काही हे पटेना. एक तर मिशनचा माणूस असा कमी बोलतो कुठे? याआधीच्या एकानं मला पाणी भरताना अडवून, पहिले मिशनरी जहाजातून कसे आले, आमची भाषा कशी शिकले, त्यांनी शाळा कशा काढल्या, सगळं सांगितलं होतं. माझी बादली भरून वाहिली तरी त्यांचं जहाज अजून किनाऱ्याला लागलं नव्हतं. हा मात्र सकाळी पिशवी घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. बरं, ती पिशवी वाजायची. चालताना ठण्, ठेवताना ठण्ण. मी शर्टाचं बटण दाखवायच्या निमित्तानं आत गेलो आणि कुणी नाही बघून पिशवी उचलून पाहिली. खांदा निखळायची वेळ आली. धर्माची पुस्तकं इतकी जड नसतात. मनात आलं ते मी मावशींच्या मुलाच्या कानावर घातलं. शेजारधर्म म्हणून.

दोन दिवसांनी मंडईत गेलो तर समोर काय? आमचे मिशनवाले कांदेवाल्याच्या पुढ्यात गुडघे टेकून बसलेले. मला वाटलं प्रार्थना चाललीय. जवळ जाऊन बघतो तर तराजूची दांडी हातात, बाजूला वजनं मांडलेली. हा वजनकाटे दुरुस्त करणारा होता. गावोगाव फिरायचं, दुकानांचे काटे नीट करायचे, आणि राहायला फुकट खोली मिळते असं कुठून तरी कळलं म्हणून इथे टेकला होता.

बातमी गरम होती. मुलाकडे जायच्या आधी मावशींना सांगावी म्हटलं, त्यांचा चेहरा बघायची मजा कशाला सोडा. त्या एका पायजम्यावर पाणी शिंपडत होत्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून. मी म्हटलं, चहाआधी प्रार्थना करा. एका दमात उरकली की हो. मिशनचा माणूस आला की माझा चहा कायम थंड होतो. त्या दिवशी कित्येक वर्षांनी गरम प्यायले."

मग ठेवून का घेतलं, असं विचारल्यावर त्यांनी इस्त्री उभी केली. त्यांच्या सासऱ्यांची आजी धुणं धुवायची. पहिले मिशनरी साहेब आले तेव्हा लोकांना वाटलं, हा विहिरी मोजायला आलाय, आता कर बसणार. कुणी ओसरीवर बसू देईना. आजीनं मात्र घरात घेतलं, कारण तिला वाटलं हा निळीचा व्यापारी आहे, कपड्यांची नीळ स्वस्तात देईल. बरेच दिवस ती रोज नीळ मागत होती आणि साहेब रोज तिच्याकडून चार शब्द शिकत होता. पुढे त्यानं तिच्या मुलांना वाचायला शिकवलं, घर मंडळीत आलं, पण नीळ काही शेवटपर्यंत मिळाली नाही. ही कथा मी पूर्वीही ऐकली होती, आणि दर वेळी ती थोडी लांबते असा मला दाट संशय आहे.

"तिनं विक्रेता समजून मिशनरी ठेवून घेतला," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे मिशनरी म्हणून कारागीर आलाय. तिनं ओळखपत्र मागितलं असतं तर आज मी कुठे असते? पण माझ्या पोराला हे पटायचं नाही. त्याला कळलं की खोली गेली." मग पुन्हा इस्त्री हातात घेऊन म्हणाल्या, "तुला सांगू नको असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू नक्की सांगशील."

आता ही काय बोलण्याची पद्धत झाली? तोंडात गरम घास आणि गिळताही येईना.

त्याच संध्याकाळी मुलगा जेवायला पाहुण्याच्या समोर येऊन बसला. मी इस्त्रीचे कपडे न्यायला गेलो होतो आणि कपडे काही सापडत नव्हते, म्हणून थांबलो होतो. मुलानं सरळ विचारलं, मिशनमध्ये तुमचं नेमकं काम काय. पाहुण्याचा हात ताटातच थांबला. मावशी भांडी उगीच इकडची तिकडे करू लागल्या.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, पिशवी वाजते म्हणून?" मुलगा माझ्याकडे वळला.

"वाजणारच," मी म्हणालो. "वजनं आहेत आत. मिशनच्या दवाखान्यातला बाळांचा काटा बिघडलाय, तो बघायला आलेत."

पाहुण्याला ठसका लागला. मावशींनी त्याला पाणी दिलं, पण बघत होत्या माझ्याकडे.

"मग इतके दिवस काय करतायत?"

"तू मोटर कधी एका दिवसात दिलीयस का रे?" मी म्हणालो.

मुलानं ताट बाजूला सारलं. पण उठताना तो म्हणाला, उद्या पोरीला वजनाला न्यायचंच आहे, मीही येतो, बघू काय दुरुस्त करतात ते.

सकाळी वरात निघाली. पुढे मावशी, मागे ठणठणत पाहुणा, मग मुलगा त्याच्या तान्ह्या पोरीला घेऊन, आणि शेवटी मी, कारण खोटं माझं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाई बुचकळ्यात पडल्या. काटा तर चांगला चाललाय, तुम्हाला कुणी बोलावलं? मावशी म्हणाल्या, मिशनच्या कामाला बोलावणं कशाला हवं. पाहुण्यानं तोवर काटा उघडलाही होता. आतली स्प्रिंग ढिली पडली होती. त्यानं पिशवीतली नवी बसवली, आपली वजनं ठेवून काटा लावून घेतला आणि बाजूला झाला.

पहिली मुलाची पोरगी ठेवली. मागच्या वेळेपेक्षा हलकी भरली. दुसरं बाळ, तेही हलकं. तिसरंही. रांगेत कुजबुज सुरू झाली. घरून भरलेली आणलेली बाळं इथे येऊन वाळली म्हणजे काय. एक आजी म्हणाली, या मेल्यानं चांगला काटा बिघडवला. मुलाचे कान लाल झाले. त्यानं पोरीला उचललं आणि तडक आपल्या दुकानाकडे निघाला; मी मागोमाग. मावशींचा चेहरा मी पहिल्यांदाच चुरगळलेला पाहिला.

दुकानात त्याचा तांब्याची तार मोजायचा काटा आहे. तांबं महाग, त्यामुळे त्या काट्यावर तो सख्ख्या मेहुण्यालाही सूट देत नाही. तारेची भेंडोळी खाली ढकलून त्यानं पारड्यात पोरीला ठेवलं. ती हसली. काटा थांबला. दवाखान्यात आत्ता भरलं होतं तेवढंच. त्यानं पुन्हा ठेवून पाहिलं. तेवढंच.

त्यानं पोरीला उचलून खांद्याशी धरलं. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस ही कमीच होती."

ढिली स्प्रिंग वजन जास्त दाखवत होती, हे नर्सबाईंनाही कळलं होतं. 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलेल्या बाळांना परत बोलवायला त्या भर दुपारी छत्री घेऊन घरोघर निघाल्या. मुलाच्या पोरीचं खाणंपिणंही त्यांनी बदलून दिलं.

संध्याकाळी मुलगा पक्कड घेऊन त्या खोलीत शिरला तेव्हा मला वाटलं, झालं, यंत्रं येणार. पण त्यानं दिव्याची वायर बदलली. लुकलुकत होता, म्हणाला, पाहुण्यांना त्रास.

निघताना पाहुण्यानं मावशींना खरं काय ते सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, वर्षातून एकदा दवाखान्याचा काटा बघायला येत जा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. मग खोलीत जाऊन त्यांनी खाट, टेबल, खुर्ची, दिवा सगळं जागेवर असल्याची खात्री करून घेतली. स्वभाव.

हे सगळं झाल्यावर दोन गोड शब्द माझ्याही वाट्याला येतील असं वाटलं होतं. मावशींनी मला खिडकीतूनच धरलं. "कळलाव्या, तू का खोटं बोललास?"

मी म्हणालो, खोलीत मोटारी आल्या असत्या तर दिवसभर माझ्या खिडकीपाशी घरघर झाली असती.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट दिला, तर त्यांनी माझे खिसे दोनदा उलटे केले.