नणंदबाई आणि एक 'नाही'

ऑफिसात तिला सगळे नणंदबाई म्हणत, तेही तोंडावर. नवी सेवा आली की तिच्यात खोट काढायची, हेच तिचं काम. जुनी वेब सेवा काढून नवी बसवली तर चालू कामाला धक्का लागणार नाही ना, हे ती तपासायची. तिच्या सहीशिवाय अदलाबदल होत नसे.

या वेळी काम एका इस्पितळाचं होतं. कुठल्या पेशंटला कशाची ॲलर्जी आहे, हे वॉर्डातल्या कॉम्प्युटरला सांगणारी सेवा बदलायची होती. जुनी शुक्रवारी बंद होणार होती. नव्या सेवेनं चुकीचं सांगितलं तर नको ते औषध कुणाच्या तरी अंगात जाणार होतं.

नवी मात्र गुणाची निघाली. तेच प्रश्न, तेच रकाने, उत्तर निम्म्या वेळात. ॲलर्जीच्या नोंदी असलेले सातशे पेशंट घालून पाहिले, एकाही उत्तरात फरक नाही. नणंदबाईंचा जरा हिरमोडच झाला. सही करायला पेन उचललं, आणि जाता जाता तिनं एक खोटा पेशंट बनवला. याला ॲलर्जीबद्दल कुणी कधी विचारलेलंच नाही, असा.

जुनी सेवा म्हणाली, "माहीत नाही." नवी म्हणाली, "नाही."

"अहो ताई, नोंद नाही म्हणजे ॲलर्जी नाही," साहेब वैतागले. "अर्थ एकच. उगाच राईचा पर्वत करू नका."

क्षणभर तिलाही पटलं. तरी तिनं साहेबांसमोरच वॉर्डातल्या सिस्टरना फोन लावून स्पीकर चालू केला.

"सिस्टर, 'माहीत नाही' आलं तर काय करता?"

"पेशंटला विचारते. बेशुद्ध असेल तर त्याच्या घरच्यांना गाठते."

"आणि 'नाही' आलं तर?"

"मग विचारायचं कशाला? इंजेक्शन देते."

साहेब खुर्ची ओढून बसले.

"असे 'माहीत नाही'वाले किती असतात हो?" तिनं विचारलं.

"दहात चार तरी असतातच की."

फोन ठेवून तिनं सहीचं पेन टेबलावर आपटलं. राग साहेबांचा नव्हता. उत्तरं ताडून बघता यावीत म्हणून नोंदी असलेलेच सातशे पेशंट तिनंच निवडले होते. दहातले ते चार तिच्या यादीत कधी आलेच नव्हते.