गिरणीच्या दारावर टांगलेली नळी

मंडळी, आधी एक गंभीर तक्रार: कर्जतच्या भातगिरणीतली वाळू माझ्या धोतराच्या निऱ्या सोडायला तयार नाही. मी शिकवायचो ती वेदपाठशाळा बंद पडल्यापासून मी तिथे वायरिंग शिकतो आहे.

आज तारा ओवायची लोखंडी नळी तापवून काटकोनात वाकवायची होती. आधी आत वाळू ठासायची असते. मी ती हलक्या हाताने भरली, आणि नळी वळणावर चेपली.

मला काम शिकवणारे कडावचे मिस्त्री ओरडले, "गुरुजी, हिच्यातनं तार नाय जायची, तुमचे मंत्रच जातील!"

त्यांनी ती नळी दारावर टांगली. भात घेऊन येणारा प्रत्येकजण हसला. माझा एक जुना विद्यार्थी सर्वांत मोठ्याने.

"उद्या बी चेपली, तर घरीच बसा तुमी," मिस्त्रींनी बजावलं.

चाळिशी उलटल्यावर हात नवं काही शिकतात का हो? माझे शिकतील असं मला वाटत नाही, आणि हे घरी अजून सांगितलेलं नाही.