डब्यातलं उरलेलं ऑईल

आमच्या सासरी काही उरवायचं नाही असा दंडकच आहे. पातेल्यात डावभर कालवण राहिलं की ते कुणाच्या तरी ताटात जातं, आणि ते कुणाच्या तरी म्हणजे माझ्याच. पोट भरलंय म्हटलं तर सासूबाईंचं ठरलेलं, "घे गं, जास्त झालं म्हणून कुठं बिघडतंय?" नवऱ्यानं आईचं दुसरं काही उचललं नाही, हे मात्र बरोबर उचललं.

मी नर्स. आम्ही राहायला शिरूरला आणि नोकरी लागली दौंडला, खाजगी दवाखान्यात. सकाळच्या ड्युटीला एसटीनं वेळेत पोचणं होत नव्हतं, म्हणून आमची जुनी गाडी मी न्यायची असं ठरलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, हे आबा म्हणतात. मामांनी आढेवेढे घेतले, बाईमाणसानं एवढ्या लांब एकटीनं गाडी न्यायची म्हंजी काय, वगैरे. शेवटी हो म्हणाले, पण वर अट घातली, गाडीला काही झालं तर किल्ली परत आणि नोकरी बंद. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

एका रविवारी मामा घरी नसताना ह्यांनी ऑईल बदलायचं काढलं. हे कोरेगाव भीमाकडं कंपनीत कामाला. मशिनीवर काम करतो म्हणजे गाडीतलंही कळतं, असा ह्यांचा समज. कंपनीतले दोस्त अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, मोबाईलवर व्हिडिओ चालू, आणि हे गाडीखाली. जुनं ऑईल काढलं, नवं भरलं. डब्यात थोडं उरलं. उरलं म्हटल्यावर ह्यांच्या जिवाला चैन पडेना. तेही उपडं केलं आणि वर डबा आपटून आपटून शेवटचा थेंबसुद्धा आत सोडला.

माझे वडील टेम्पो चालवायचे. ऑईलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून बघायची, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. मी बघितलं तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं. मी हळूच म्हटलं, अहो, जास्त झालंय, थोडं काढायला पाहिजे.

"जास्त झालं म्हणून कुठं बिघडतंय?" हे म्हणाले. "कमी तर न्हाई ना?"

मी घरातून मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी घेऊन आले. पट्टीच्या भोकातून नळी आत सोडायची आणि ओढून घ्यायचं, चहा उकळेपर्यंत होणारं काम. तर हे दोस्तांकडं बघून म्हणाले, गाडी काय पेशंट आहे का? सगळे हसले. आता ह्या हसण्यावर मी नळी घातली असती तर ह्यांचं नाक कापलं गेलं असतं. नवऱ्याचं नाक म्हणजे काय विचारू नका, गाडीच्या इंजिनापेक्षा नाजूक. मी सिरिंज, नळी पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवायला गेले.

सकाळी निघताना काढू म्हटलं, तर मामा गाडीपाशीच उभे. त्यांच्यादेखत बॉनेट उघडलं असतं तर गाडीत काहीतरी बिघाड आहे हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. तशीच निघाले. दौंडला पोचल्यावर दवाखान्यामागं काढायचं, असं मनाशी ठरवलं.

पण निमोण्याच्या अलीकडंच मागं निळा धूर दिसायला लागला. जळका वास सुटला. मी उसाच्या कडेला गाडी घेतली, बंद केली आणि ह्यांना फोन लावला. हे आले ते मोटरसायकलवर मामांना मागं बसवून. येताना गावातल्या मेकॅनिकलाही यायला सांगून आले होते.

मेकॅनिकनं पट्टी काढून बघितली, ऑईल लई झालंय म्हणाला, काढल्याशिवाय चालवू नका. खालचा नट खोलायला रस्त्यावर काही सोय नव्हती. मी पर्समधून सिरिंज आणि नळी काढली. पाण्याची बाटली रिकामी केली आणि तिच्यात ऑईल ओढून घेतलं. पट्टी खुणेवर आली. गाडी चालू केली, थोड्या वेळानं धूर गेला, वास गेला. गाडीला काहीसुद्धा झालं नव्हतं. मला वाटलं, सुटले बाई.

मामा माझ्या हातातल्या नळीकडं बघत होते. त्यांनी ह्यांना विचारलं, "तेल कुणी घातलं रे?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"हिनंच," हे म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, मी न्हाई. ह्यांनी घातलंय."

"नळीबिळी पिशवीत घेऊन हिंडतीस, आन् वर भर रस्त्यात नवऱ्याला खोटं पाडतीस व्हय?" मामांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. मेकॅनिक उसाकडं बघत उभा राहिला.

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, इथं तर सगळा डबाच माझ्यावर. दवाखान्यानं थोडे दिवस वाट बघितली, मग माझ्या जागी दुसरी घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? हे मला एकटीला गाठून म्हणाले, तोंडातून गेलं गं, आबांपुढं दुसरं सुचलं नाही. आबांपुढं नाही सुचलं हे समजू शकते मी. पण नंतर सांगायला कुणी तोंड धरलं होतं? आजपर्यंत सांगितलेलं नाही. बाटलीतलं ऑईलसुद्धा टाकलं नाही आमच्यात, सासूबाईंनी ते फाटकाच्या बिजागऱ्यांना ठेवलंय.

नोकरी गेली त्या दिवशी जेवताना सासूबाई नेहमीसारख्या पातेलं घेऊन माझ्या ताटाशी आल्या. मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं आणि सगळं कालवण ह्यांच्या ताटात उपडं केलं. डावानं खरवडून खरवडून, शेवटच्या थेंबापर्यंत.

"घ्या," मी म्हटलं. "जास्त झालं म्हणून कुठं बिघडतंय?"

ह्यांना कळलं. मान खाली घालून गपगुमान खायला लागले. मामांना काहीच कळलं नाही.

"वाढ, वाढ," ते म्हणाले. "पोरगं कंपनीत राबून येतंय. तुला काय, आता घरीच बसायचंय."