सुनंदाच्या बेडकांची सोयरीक

आमच्या लॅबमधल्या मैत्रिणी आजही भेटल्या की चहा यायच्या आधीच किस्से सुरू होतात. एक आठवला की त्याला धरून दुसरा येतो, संपतच नाहीत!

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात आम्ही पीएचडी करत होतो. काम काय, तर निरनिराळ्या प्राण्यांमधला एकच जीन घ्यायचा, त्याची अक्षरं शेजारी शेजारी मांडायची आणि किती जुळतात त्यावरून कोण कुणाला जवळचं ते काढायचं. माझी मैत्रीण सुनंदा मुरगूडची, तिचा अभ्यास बेडकांवर, आणि बेडूक आजऱ्याचे. घरून तिला एकच अट होती. यंदा थीसिस दे, नाहीतर येईल त्या स्थळाला हो म्हण!

*

जीन वाचायचं मशीन आमच्याकडं नव्हतं. नमुने बर्फ घातलेल्या थर्मासमधून पुण्याला न्यायचे. एकदा एसटीत शेजारच्या मामांनी विचारलं, "च्या हाय व्हय त्यात?"

"न्हाय मामा, बेडकाचा डीएनए," सुनंदा म्हणाली.

मामांनी दोन्ही पाय सीटवर घेतले. "आणि बेडूक कुठाय?"

"तो कॉलेजात राहिला."

तेव्हा कुठं मामांचे पाय खाली आले!

*

पुण्याहून अक्षरांचे छापील कागद यायचे. ते जगभरच्या प्राण्यांशी ताडून बघायला सायबर कॅफेत जाऊन टाइप करायचे. ए, टी, जी, सी, पुन्हा ए... एकदा कॅफेवाला बराच वेळ सुनंदाच्या मागं उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "म्याडम, दुसरा कीबोर्ड देऊ का? ह्याची चारच बटणं चालत्यात वाटतं!"

*

एकदा निकाल बघून आमचे गाइड सर ओरडले, "सुनंदा, तुझा बेडूक बोकड निघाला!"

घोटाळा लगेच कळला. सोमवारी आमच्या डब्यात रविवारचं मटण असायचं, आणि नमुने कापायच्या टेबलावरच आम्ही जेवायचो. सुनंदा रडायलाच लागली. सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून करायचे म्हणजे वर्ष हातचं गेलंच की!

"टेबलावर मटण कुणी मांडलं?" सर तापले.

सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "सर, तांबडा रस्सा तर तुम्हीच दोनदा मागून घेतलासा!"

त्यानंतर सर व्हरांड्यात जेवायला लागले.

*

मग तिचे वडील, आप्पा, लॅब बघायला आले. डेअरीला दूध घालणारा माणूस, आवाज असा की शेजारचा वर्ग उठून बघायला आला. भिंतीवर प्राण्यांच्या नात्याचं झाड लावलेलं होतं, फांद्या उजवीकडं पसरलेल्या.

"झाड आडवं का? वाऱ्यानं पडलं काय?"

सुनंदानं समजावलं, जवळच्या फांद्यांवर जवळचे नातेवाईक. आप्पांनी बोट फिरवलं. "म्हंजी म्हस आपल्याला कोंबडीपेक्षा जवळची?"

"व्हय आप्पा."

आप्पा एवढे खूश झाले की दुपारची एसटी चुकली. खोदून खोदून विचारत राहिले, त्याच्या मागं कोण, त्याच्या मागं कोण? असं करत पार माशापर्यंत पोचले. पण जाताना म्हणालेच, "येत्या रविवारी पावणं येणार हायत. घरी ये."

*

सोबतीला मी गेले. सुनंदाचा चेहरा पार उतरलेला. पोहे आले. मुलाचे मामा पायावर पाय टाकून म्हणाले, "पोरगी बेडकं कापती म्हणं? आता बास करायचं ते. आमचं घराणं मोठं हाय. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ हायत आमची!"

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"सातच? आमची पोरगी माशापतूर मागं जाती! तिचं पुस्तक पुरं होऊ द्या, मग या. तुमचं बी बघून देईल!"