सोडलेल्या चार ओळी

आमच्या बाबांना पोलिसातून काढून टाकलं आणि ते योग्यच झालं. मुलगी असून मी हे म्हणते.

बावीस वर्षं ते ठाण्याच्या दारातल्या टेबलामागे बसून स्टेशन डायरी लिहीत होते. कुणाला आणलं, किती वाजता, कुणी आणलं. नोंद संपली की खिशातली लाकडी पट्टी काढून खाली रेघ मारत, म्हणजे नंतर कुणाला तिथे काही घुसडता येऊ नये. ठाण्यात त्यांचं नावच ‘फूटपट्टी’ पडलं होतं. घरीही तोच खाक्या. किराणाच्या यादीखालीसुद्धा रेघ! आई म्हणायची, “अहो, या यादीत कोण घुसणार आहे? साबण?”

त्या गुरुवारी दुपारी साहेबांनी एका प्लंबरला चोरीच्या संशयावरून आणलं. नियम साधा आहे. माणूस आत आला की आधी वेळ लिहायची, घरी कळवायचं, डॉक्टरला दाखवायचं. बाबांनी पेन उचललं.

“चार ओळी सोडा,” साहेब म्हणाले. “काय लिहायचं ते नंतर सांगतो.”

बाबांनी सोडल्या. का, ते मी त्यांना शंभरदा विचारलंय. “साहेब तापट होते,” एवढंच म्हणतात. मला अजूनही त्यांचा संताप येतो.

तासाभराने प्लंबरची बायको धापा टाकत आली. “माझ्या नवऱ्याला इथं आणलंय का हो?”

बाबांनी डायरी तिच्याकडे फिरवली. “बघा बाई, कुठे नाव नाही.”

मधली कोरी जागा तिलाही दिसली असणार. पण फूटपट्टीच्या डायरीत नाही म्हणजे नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिने विश्वास ठेवला आणि दोन दिवस दवाखाने पालथे घातले.

शनिवारी सकाळी प्लंबर कोठडीतच मरण पावला. मग साहेबांनी मजकूर सांगितला आणि बाबांनी त्याच चार ओळींत आपल्या वळणदार अक्षरात तो बसवला. गुरुवारी दुपारी आणले. पत्नीस कळवले. डॉक्टरांनी तपासले. डोक्यास जुनी जखम.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी बाई आल्या. मी बाबांबरोबर गेले होते. प्लंबरची बायको समोरच्या बाकावर बसली होती. बाईंनी डायरी पानापानाने चाळली.

“प्रत्येक नोंदीखाली रेघ आहे,” त्या म्हणाल्या. “इथेच का नाही?”

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. ‘विसरलो’ एवढं म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. आईने सकाळी तेच पढवून पाठवलं होतं.

“जागा सोडली होती,” बाबा म्हणाले. “शनिवारी भरली. माणूस गेल्यावर.”

बाहेर आल्यावर प्लंबरच्या बायकोने त्यांना गाठलं. मला वाटलं, आता ही त्यांच्या मुस्कटात मारणार. आणि मी मध्ये पडणार नव्हते.

“मी आले तेव्हा तो कुठं होता?”

“भिंतीपलीकडे.”

“माझा आवाज त्याला ऐकू गेला असेल?”

“गेला. त्याने हाक मारली तुम्हाला. तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून मी खुर्ची सरकवली.”

हे चौकशीत कुणी विचारलं नव्हतं, आणि हे मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. प्लंबरची बायको वळून पुन्हा चौकशीच्या खोलीकडे चालू लागली. बाबा मुकाट्याने तिच्यामागून गेले.