दोन बोटं खोल कपाट

बाइंडरला राग आला की नाकपुड्या फुगायच्या, हात मात्र शांत राहायचा. चौतीस वर्षं त्याने शहरातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधली. वाचनालयाच्या मागे, सायकली लावायच्या जागेशेजारी त्याची खोली. खोलीत पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, दाभण आणि धार लावून लावून पातं करंगळीएवढं उरलेली एक सुरी. पानं दुमडणारे, थुंकी लावून पानं उलटणारे, उघडं पुस्तक पालथं टाकणारे यांना तो दारातच फैलावर घ्यायचा. वाचक सोडा, वाचनालयाची कमिटीसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे.

वाटेला जाणारं एकच माणूस होतं, त्याची पुतणी. भाऊ आणि वहिनी वर्षभरात पाठोपाठ गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाइंडरने लग्नबिग्न केलं नव्हतं. पोरगी कशी वाढवतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो तिला कामावर घेऊन यायचा. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून ती वाचायची. दुरुस्तीला आलेलं पुस्तक आधी तिने वाचायचं आणि मग त्याने बांधायचं, असा रिवाजच पडला. वाचता वाचता ती भडकायची, गोष्टीतल्या खोटारड्या माणसांना मोठ्याने शिव्या द्यायची. तो तिला मिरची म्हणायचा आणि मनातून खूश व्हायचा, कारण हा राग आपल्याकडून गेलाय हे त्याला ठाऊक होतं.

सोळाव्या वर्षी तिच्या हाती एका जुन्या अमेरिकन कादंबरीचं भाषांतर लागलं. पैशाची, प्रेमाची आणि त्या दोन्हींपायी नासलेल्या माणसांची गोष्ट. बाइंडर स्वतः कादंबऱ्या वाचत नसे, दोरा ओवता ओवता तिच्या तोंडून ऐकायचा. "काका, हे पैसेवाले वाट्टेल ते करून ठेवतात आणि निस्तरायचं दुसऱ्यांनी! आणि बाकीचे बघा, सगळं कळतंय तरी मूग गिळून बसलेत!" तीन दिवस ती धड जेवली नाही. शेवटी समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिला, 'हलकट'. पुस्तकावर लिहिणाऱ्याचे हात मोडीन म्हणणाऱ्या या माणसाने तो शब्द खोडला नाही. उलट त्या पुस्तकाला त्याने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं हिरवं कापड चढवलं.

पुढे ती त्याच वाचनालयात ग्रंथपाल झाली. बाइंडरला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

मग बंगलेवाला आला. त्याचा धंदा सरळ होता. चांगली इमारत धोकादायक असल्याचं लिहून घ्यायचं, ती पाडायची, आणि तिथे नवी उंच उभी करायची. वाचनालयाची जागा बघायला म्हणून तो आला, वाचनकक्षात मोठमोठ्याने फोनवर बोलला, आणि मिरचीने त्याला सगळ्यांसमोर झापलं. बेटा तिथेच प्रेमात पडला, आणि खरोखर पडला. रोज यायला लागला. न वाचायची पुस्तकं न्यायचा आणि वेळेवर परत आणून द्यायचा. माणूस तसा मनाने चांगला आहे, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातंय म्हणायला!

आठ महिन्यांत दोन गोष्टी ठरल्या. मिरचीचं लग्न ठरलं आणि वाचनालयाची इमारत धोकादायक ठरली. छप्पर गळतं, भिंती सुटल्या आहेत, पुस्तकं कुजली आहेत, असं कोणीतरी लेखी दिलं होतं. बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षांत त्याच्या खळीच्या पातेल्यात पावसाचा थेंब पडला नव्हता! कोणी लिहून दिलं ते कमिटी सांगेना. हे नगरपालिकेच्या इंजिनियरचंच काम असं धरून बाइंडरने त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इंजिनियरने हात जोडले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात बंगलेवाला त्याच्या खोलीत आला आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला.

"काका, तिचा पुस्तकांवर किती जीव आहे, तुम्हाला सांगायला नको. नव्या घरात एक अख्खी भिंत पुस्तकांची करतोय. तिला आत्ताच सांगू नका."

"कपाट किती खोल?"

"दोन बोटं."

"दोन बोटांत पुस्तक मावतं?"

"पाठी मावतात ना! नाव छापलेली बाजू तेवढी दिसली म्हणजे झालं. भिंतीमागून जिना जातो, जागाच नाही हो. तुम्ही वाचनालयातल्या पुस्तकांच्या पाठी सोडवून द्या, सुतार त्या फळीवर चिकटवेल. बाकीचं सगळं तसंही लगद्याच्या कारखान्यात जाणार आहे."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ प्रेम होतं, की बाइंडरला शिवी सुचेना. तो हो म्हणाला. त्याला त्या क्षणी एकच दिसत होतं, भिंतीसमोर उभी असलेली मिरची. ती बघेल आणि पेटेल. या माणसाच्या तोंडावर सगळं फेकून आपल्या घरी परत येईल. आपण कितीही ओरडलो तरी म्हाताऱ्याची कटकट म्हणतील, पण ती भिंत तिला एका नजरेत सांगेल. त्याची सगळी भिस्त तिच्या रागावर होती.

चाळीस दिवसांत त्याने अकराशे पुस्तकांच्या पाठी सोडवल्या. पुठ्ठा आणि पाठ यांच्यामधल्या खाचेत सुरी घालायची, ओढायची, पुस्तक फिरवायचं, पुन्हा ओढायची. दुरुस्तीचं पहिलं काम हेच, जुनी पाठ सोडवायची आणि मग नवी लावायची. इथे नवी लावायची नव्हती. दर शनिवारी टेम्पो येऊन उघडी पडलेली पुस्तकं घेऊन जायचा, आणि बाइंडर त्या दिवशी जेवायचा नाही.

एक पुस्तक मात्र त्याने सोडवलं नाही. हिरवं. ते त्याने अख्खंच नेलं आणि भिंतीच्या मधोमध, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खोचलं. ते चार बोटं बाहेर आलं.

सुतार म्हणाला, "हे एक बाहेर डोकावतंय."

"डोकावू दे. त्याला कोणाला तरी भेटायचंय."

घर दाखवायच्या दिवशी पाहुणे सहाला येणार होते. बाइंडर चारलाच जाऊन कोपऱ्यात उभा राहिला. बंगलेवाल्याने मिरचीला डोळे मिटायला लावून भिंतीसमोर आणलं. "उघड!"

तिने उघडले. जवळ गेली. एकेका नावावरून बोट फिरवलं, एका पाठीवर नखाने टकटक केली. आत लाकूड वाजलं. बाइंडरने श्वास धरला. आता!

"आवडली?" बंगलेवाल्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली. त्याचे डोळे भरून आले, आणि मग तो दिवे बघायला बागेत पळाला.

तेवढ्यात तिला हिरवं पुस्तक दिसलं. तिने ते काढलं, उघडलं, पानं मागेपुढे केली. ते पान सापडलं. समासातल्या 'हलकट'वरून तिने अंगठा फिरवला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "काका, हे एक बाहेर येतंय. पाहुणे यायच्या आत याची पाठ तेवढी सोडवून देता?"

"मिरचे, डोळे फुटले का तुझे? अकराशे पुस्तकं मारली मी या भिंतीसाठी! तू बघशील म्हणून मारली!"

"दिसतंय मला. हळू बोला."

"का हळू बोलू? त्या चोराने खोटं लिहून घेऊन धडधाकट इमारत..."

"त्याने लिहून नाही घेतलं. मी लिहून दिलं."

"तू लिहून दिलंस?"

"ग्रंथपालाची सही लागते. त्याने मागितलीसुद्धा नाही, कागद टेबलावर ठेवून गेला. मी पूर्ण वाचला आणि सही केली."

"का गं?"

"कारण मला तो हवा होता. हे घर हवं होतं. काका, वीस वर्षं मी पुठ्ठ्यांवर बसून दुसऱ्यांची घरं वाचली. कोणावर चिडायचं ते तुम्ही शिकवलंत. चिडून झाल्यावर राहायचं कुठे, ते नाही शिकवलंत."

तो आणखीच पेटला. त्याने खिशातून सुरी काढली आणि मूठ तिच्याकडे केली. "मग तूच सोडव."

ती करणार नाही, अशी त्याला खात्री होती.

तिने सुरी घेतली. पुस्तक टेबलावर ठेवलं, डाव्या तळव्याने दाबलं, पातं आडवं धरून खाचेत घातलं आणि एकदाच ओढलं. फिरवलं, पुन्हा ओढलं. अंगठ्याने हलकेच उचलली तशी हिरवी पाठ अख्खी हातात आली. कापडाचा एक धागाही निघाला नव्हता. पातं ओढताना तिने श्वाससुद्धा रोखला होता, दहाव्या वर्षी त्याने शिकवलं होतं तसा. 'वा!' असं बाइंडरच्या मनात येऊन गेलं. आणि ते आलं याची त्याला जितकी चीड आली, तितकी इंजिनियरची, बंगलेवाल्याची, अख्ख्या जगाची कधी आली नव्हती.

"ही पानं?" त्याने विचारलं.

"टेम्पोत जाऊ देत."

त्याने पानं काखेत मारली आणि पुढच्या दारानेच बाहेर पडला.

पाहुण्यांना भिंत फार आवडली म्हणे. महिन्याभरात तिघं जण पत्ता काढत बाइंडरच्या घरी आले. त्यांनाही आपापल्या घरात तशीच भिंत हवी होती. बाइंडरने कोणाला बसा म्हटलं नाही. तिघांनाही त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर पुतणीचा पत्ता लिहून दिला.

"तिच्याकडे जा," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा सफाईने कापते."